चोविसावा रिव्हेट

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत कोल्हापुरातल्या माजी सैनिकांच्या सभागृहात पुण्याहून एक विमान आलं. फायबरचं होतं, हातभर लांब, वरून हिरवे-तपकिरी पट्टे. महायुद्ध संपल्याला पंधरा ऑगस्टला पन्नास वर्षं पुरी होणार होती आणि त्या दिवशी हे विमान काचेच्या पेटीत बसवायचं, असा बेत होता. बेत नृसिंह सरांचा. सर समितीचे चिटणीस. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर काळजी करणं हा पूर्णवेळ धंदा धरला.

विमान पसंत करायला सरांनी पेठ वडगावहून कृष्णात तात्यांना रिक्षानं आणलं होतं. तात्या लढाईत हवाई दलात रिगर होते. विमानाचा सांगाडा, पत्रा, पत्रे जोडणारे रिव्हेटाचे खिळे आणि गोळी लागली की त्यावरचं ठिगळ, ही त्यांची कामं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन जातीचं एक विमान त्यांनी दीड वर्ष सांभाळलं होतं आणि त्या विमानाला हात लावलेला आसपासच्या गावांत तेवढाच एक माणूस उरला होता. काचबिंदूनं आठ वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. त्यामुळं तात्या विमान बघणार ते बोटांनीच.

त्यांनी बघितलं. नाकापासून शेपटीपर्यंत, मग डावा पंख, मग उजवा. सगळी समिती भोवती उभी. तात्यांनी बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "विमान कुठाय? ही तर साबणाची वडी हाय."

सरांचा चेहरा पडला. "तात्या, आकार तर बरोबर आहे ना?"

"आकार आसंल. पर पत्र्याचा सांधा कुठाय? रिव्हेट कुठायत? मी दीड वर्ष रिव्हेटच मोजल्यात. अंगावर एकबी रिव्हेट न्हाय आन म्हणं हरिकेन."

कोपऱ्यात अण्णासो मिस्त्री उभा होता. त्याला विमानाखालची लाकडी बैठक करायला बोलावलं होतं. माप घ्यावं, चहा प्यावा आणि मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी जावं, एवढंच त्याचं काम. पण दुसऱ्याच्या भांडणात पाय घातल्याशिवाय अण्णासोला चहा गोड लागत नसे.

"मी करतो," तो म्हणाला.

"कोन बोललं?" तात्यांनी मान वळवली.

"अण्णासो. शिरोली एमआयडीसीत पॅटर्न करतो. जय भीम, तात्या."

"जय भीम. पावणं, तुमी काय करतो म्हणालासा?"

"इमान करतो. पत्र्याच्या सांध्यासकट, रिव्हेटासकट. तुमची बोटं व्हय म्हणाली न्हाईत तर माझी सगळी हत्यारं पंचगंगेत टाकतो आन पुन्ना लाकडाला हात लावत न्हाय."

"पंचगंगेत आधीच लई घाण हाय," तात्या म्हणाले. "तिच्यात आनी भर घालू नगासा. करा."

तर असा हा शब्द दिला गेला, वीस माणसांसमोर, चहाच्या कपाची शपथ घेतल्यासारखा. संध्याकाळपर्यंत तो शिरोलीच्या निम्म्या फाउंड्र्यांत पोचला. अण्णासोच्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्या हाताला तोड नाही हेही माहीत होतं. म्हणून लोक हसले कमी आणि वाट जास्त बघू लागले.

यात अण्णासोचं स्वतःचं एक दुखणं होतं, ते सांगायला हवं. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी साचा. पंप असो की इंजिनाचा भाग, आधी तो सागवानात कोरायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेला धातू ओतायचा. लोखंडी पंप देशभर जातो, आणि लाकडी पंप फाउंड्रीच्या माळ्यावर धूळ खात पडतो. अण्णासोनं अठ्ठावीस वर्षं अशी लाकडं कोरली होती. त्याच्या हातची एकही वस्तू कुणी काचेच्या पेटीत सोडाच, साध्या टेबलावरसुद्धा ठेवली नव्हती. एकदा तरी आपण केलेली वस्तू हीच शेवटची वस्तू असावी, लोकांनी तिच्यासमोर थांबावं, एवढी त्याची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यानं अख्खी हत्यारांची पेटी पणाला लावली होती.

नृसिंह सरांनी इंग्लंडला पत्रं धाडून नकाशे मिळवले. त्यांवर पत्र्याचा प्रत्येक सांधा होता आणि रिव्हेटांच्या रांगा मुंग्यांसारख्या मांडलेल्या होत्या. एका फुटाला एक इंच असं प्रमाण ठरलं. खऱ्या विमानाचा पसारा चाळीस फूट, म्हणजे याचा चाळीस इंच. नकाशे घेऊन अण्णासो दर रविवारी लुनावरून वडगावला जायचा आणि नकाशात नसलेलं तात्यांकडून काढून घ्यायचा. एका पट्टीवर त्यानं सरसाचे पाच मापांचे थेंब रांगेनं वाळवून नेले. तात्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "ह्यो लई टपोरा. ह्यो तर देवी आल्यावानी वाटतोय. ह्यो मेल्याला हाय. ह्यो... ह्यो घ्या." मग ते जरा वेळ त्याच थेंबावर बोट ठेवून बसले.

डाव्या पंखाची गोष्टही अशाच एका रविवारी निघाली. पंखातल्या तोफेवर पत्र्याचं दार असतं, त्याच्या मागं गोळी शिरली होती. तात्यांनी वीतभर चौकोनी ठिगळ लावलं. बाहेरून ते हातोडा मारत होते, आतून जोडीदार लोखंडी ठोकळा धरून होता. चोवीस रिव्हेट. शेवटचा मारला तेव्हा पायलट शिडीवर उभा होता.

"नकाशात असं ठिगळ नाहीये," नृसिंह सर म्हणाले. ते त्या दिवशी बरोबर आले होते आणि बरोबर काळजीही घेऊन आले होते.

"इंग्लंडच्या कागदाला गोळी लागली न्हवती," तात्या म्हणाले. अण्णासोनं त्याच क्षणी नकाशावर पेन्सिलीनं चौकोन काढला आणि बाजूला चोवीसचा आकडा घातला.

काम दोन ठिकाणी चाललं. विमानाचं धड आणि त्याला लागून असलेले पंखांचे खांदे, सगळं मिळून दहा इंच रुंद, ते घरी, कारण ते मांडीवर घेऊन कोरता येत होते. तिथं माप अंजनाच्या फुटपट्टीनं. अंजना म्हणजे अण्णासोची बायको. ती ब्लाउज शिवायची आणि मंगळवार पेठेत तिच्या मापाला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. खऱ्या हरिकेनचं शेपटाकडचं अंग कापडानं मढवलेलं असतं हे कळल्यावर तिनं तो भाग आपल्याकडं घेतला आणि त्यावर पातळ वायल असं ताणून बसवलं की सुरकुतीचं नाव नाही. पंख मात्र लांब, एकेक पंधरा इंच. त्यांना मोठं टेबल लागे, म्हणून ते शिरोलीला, पाळी सुटल्यावर. रिव्हेटांचं अंतर पाडायला अण्णासोनं अंजनाचंच कापडावर खुणा पाडायचं दातेरी चाक नेलं. ते चाक पंखावरून फिरवायचं आणि प्रत्येक टोच्यावर सुईच्या टोकानं सरसाचा एकेक थेंब सोडायचा. एका पंखावर दोन हजारांवर थेंब. एकेक रांग ओढताना तो जीभ दातांत धरायचा. चार महिने त्याची जीभ दातांतच होती, आणि अंजना म्हणायची की तेवढीच घरात शांतता.

जुलै संपता संपता पंख तयार झाले. त्या सकाळी अण्णासोनं ते जुन्या लुगड्यात गुंडाळून घरी आणले. नृसिंह सर तात्यांना घेऊन आले. अंजनानं चहा टाकला. अण्णासोनं धड पाटावर ठेवलं, पंखांच्या खुंट्या खांद्यांच्या भोकांत बसवल्या, टक्‌ टक्‌ दोन आवाज झाले आणि हरिकेन घरात उभं राहिलं. आयुष्यात प्रथमच जोडलेलं असं ते समोर होतं. तेव्हा त्यानं नीट बघितलं असतं तर पुढचं त्यालाच दिसलं असतं. पण त्याचा डोळा विमानाकडं नव्हता, पाहुण्यांच्या तोंडाकडं होता.

तात्यांनी नाकापासून सुरुवात केली. या खेपेला बोट सावकाश चाललं. शेपटीच्या कापडावर ते जरासं हसले. मग त्यांनी डाव्या खांद्यावरच्या पत्र्याच्या रेघेत अंगठ्याचं नख घातलं आणि रेघेरेघेनं पंखाकडं निघाले. खांदा संपला, पंख सुरू झाला आणि नख अडकलं.

ते मागं आले, पुन्हा गेले. पुन्हा अडकलं.

"रेघ तुटलीया," तात्या म्हणाले. "खांद्यावरनं येत्या ती पंखावर गावत न्हाय. पुढच्या अंगाला बसत्या, मागच्या अंगाला सरकत्या. अण्णासो, तुझा पंख मोठा हाय."

"तात्या, पंख मापात हाय," अण्णासोचा आवाज चढला. "पंधरा इंच म्हंजे पंधराच."

"माप तुझं आसंल. नख माझं हाय."

अण्णासोनं पिशवीतून आपली पोलादी पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर पंखाला लावली. पंधरा इंच, बरोबर रेघेवर. त्यानं नृसिंह सरांना वाचून दाखवायला लावलं. सरांनी चष्मा पुसून वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं. अंजना मात्र मशीनजवळून आपली फुटपट्टी घेऊन आली आणि तीही पंखाला लावली.

"माझ्या पट्टीनं वर काय तरी भरतंय की," ती म्हणाली.

दोन पट्ट्या शेजारी शेजारी जमिनीवर ठेवल्या. सुरुवात एका रेषेत. इंचाला कळत नव्हतं. सहा इंचांवर डोळ्याला कळू लागलं. बारा इंचांवर अण्णासोची पट्टी चार मिलिमीटर पुढं निघून गेली होती. आणि अण्णासो तिथंच फरशीवर बसला.

ही चूक कुणा सुताराकडून होत नाही. शिंपी, गवंडी, चित्रकार, कुणाकडूनही होत नाही. ती फक्त पॅटर्नवाल्याकडूनच होऊ शकते. वितळलेला धातू निवताना आटतो, म्हणून साचा वस्तूपेक्षा जरा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब कोण करत बसणार, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात ताणलेली असते. ती फूट म्हणते, पण असते फुटाहून जास्त. लोखंडाला वेगळी पट्टी आणि जास्त आटणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमला वेगळी. अण्णासोच्या पिशवीत होती ती अ‍ॅल्युमिनियमची. अठ्ठावीस वर्षांच्या घामानं तिच्यावरची खूण पुसून गेली होती आणि हाताला तिची इतकी सवय की जगात दुसरा फूट असतो हेच तो विसरला होता. धड घरच्या पट्टीनं झालं, पंख शिरोलीच्या पट्टीनं. प्रत्येक पंख पाच मिलिमीटर लांब आणि बुंध्याशी अडीच मिलिमीटर रुंद.

"पाच मिलिमीटर म्हणजे फार नाही," नृसिंह सर चाचरत म्हणाले. "काचेच्या पेटीत कुणाला कळणार?"

"मला कळलं की," तात्या म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अण्णा, काम लई देखणं हाय. पर खोटं हाय म्हणून व्हय कसं म्हणू?"

त्यांना रिक्षात बसवून आल्यावर अण्णासोनं हत्यारं गोळा केली. पटाशा, रंधे, गोलची, सगळं गोणपाटात. अठरा दिवस उरले होते आणि नवे पंख कोरायला चार महिने लागणार होते. त्याला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. बढाई मारताना वीस माणसं होती. गोणपाट बांधताना तो एकटा होता.

अंजना पाटापाशी ब्लाउज बेतत होती. शेजारी बादलीत अस्तराचं कापड भिजत होतं.

"कुठं निघालासा?" तिनं विचारलं.

"पंचगंगेवर."

"जावा, पर आधी जेवा." तिनं अस्तर पिळून दोरीवर टाकलं. "आन एक सांगा. कोरं कापड मोठंच आसतंय. भिजवून आटवलं की मग मापात येतंय. न आटवता बेतलं तर गिऱ्हाईक पहिल्या धुण्यात बोंब मारतंय. तुमच्या पंखाला आटवायची काय सोय न्हाय व्हय?"

"काय येड्यावानी बोलतीस," अण्णासो खेकसला. "लाकूड भिजवलं की फुगतंय, आटतंय कुठलं? आटतंय ते अ‍ॅल्युमिनम..."

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. अंजनाला वाटलं त्याला उचकी लागली, म्हणून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला, खाली ठेवला, गोणपाटाची गाठ सोडली आणि चुकीची पट्टी काढून तिच्याकडं बघत बसला. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं दुसरं काही केलं नाही, त्याला आपल्याच धंद्यातली पहिली ओळ ब्लाउजच्या अस्तरानं शिकवावी, हे बघून त्याला हसू फुटलं. पंख चुकलेला नव्हता. तो फक्त अर्ध्यात होता. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीनं केलेला पंख अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतला की आटून बरोबर पंधरा इंच होणार होता. आणि खऱ्या हरिकेनचा पंख तरी कशाचा होता?

"अंजना," तो म्हणाला, "वाढ."

आकाराम हा शिरोलीतला ओतारी. वाळूचा साचा भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं पंख उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्ये थेंब वाळूत यायचं न्हाईत. अंग गुळगुळीत करून द्या, रिव्हेट मागनं मारा."

म्हणजे चार महिन्यांचं सगळं काम पुसायचं. ते अण्णासोनं स्वतःच्या हातानं केलं. हजारो थेंब पॉलिश पेपरनं घासले, रेघा लांबी भरून बुजवल्या. त्यात दोन दिवस गेले. शेवटी पंख साबणाच्या वडीसारखे झाले. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं स्वतःलाच एक शिवी दिली.

पहिलं ओतकाम फसलं. पंखाची मागची कड सुरीसारखी पातळ, तिथपर्यंत धातू पोचायच्या आधीच निवला. आकारामनं दुसऱ्या दिवशी वाळू अधिक बारीक चाळली, धातू अधिक तापवला, धातूला जायला दोन जादा वाटा काढल्या. ओतलं. निवेपर्यंत दोघं साच्याशेजारी उकिडवे बसले, बाळंतिणीच्या दाराबाहेर बसावं तसे. वाळू फोडली तेव्हा आतून काळपट, खरबरीत, पण पुरता पंख निघाला. मग दुसरा. घासून साफ केल्यावर अण्णासोनं खिशातून पट्टी काढली. ती अंजनाची होती. आपली त्यानं मुद्दाम घरी ठेवली होती.

पंधरा इंच. ना सूत कमी, ना सूत जास्त.

आकारामनं विचारलं, "आता का रडतायसा?" अण्णासो म्हणाला, डोळ्यांत वाळू गेली.

दहा दिवस उरले. अण्णासोनं रजा टाकली. अंजनाच्या मशीनची एक तुटकी सुई घेऊन तो गुजरीतल्या एका सोनाराकडं गेला आणि तिच्या टोकाला वाटीसारखा बारीक खळगा पाडून घेतला. ही सुई अ‍ॅल्युमिनियमवर उभी धरायची, वर छोट्या हातोडीचा एक ठोका, की खाली गोल डोक्याचा रिव्हेट उठतो. सरसाचा थेंब होता तो रिव्हेटाची नक्कल होता. हा धातूतून उठलेला, धातूचाच होता. आधी रेघा कोरल्या. मग अंजना दातेरी चाक फिरवून खुणा पाडायची आणि अण्णासो ठोके मारायचा. दिवसाला चारशे-पाचशे. गल्लीला त्या टक-टकीची एवढी सवय झाली की तो जेवायला थांबला की शेजारची बायडाबाई दारात येऊन विचारायची, "आज बिघडलंय व्हय काय?" सुया तीन मोडल्या. अंगठ्याला घट्टा पडला. डाव्या पंखावर तोफेच्या दाराच्या मागं चौकोन आला तेव्हा त्यानं अंजनाला मोजायला बसवलं. ती मोठ्यानं आकडा बोलायची, मग तो ठोका मारायचा. चोवीस. चोविसावा त्यानं सगळ्यांत सांभाळून मारला, कोपऱ्यावर, काटकोनात. एकाही रिव्हेटानं रांग सोडली नव्हती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सभागृह भरलं. म्हातारे सैनिक पदकं लावून आले होते. शिरोलीहून आकाराम आणि पॅटर्न शॉपमधले सगळे आले होते, काही कौतुकाला आणि काही, खरं सांगायचं तर, पंचगंगेवर जायची वेळ आलीच तर मजा बघायला. नृसिंह सरांनी तीन वेळा पेटीची काच पुसली होती. टेबलावर हरिकेन होतं. रंग अजून दिलेला नव्हता. अण्णासो म्हणाला होता, तात्यांनी व्हय म्हटल्याशिवाय ब्रश लागणार नाही.

तात्या पुढं आले. कुणीतरी त्यांचा हात धरून टेबलाला लावला. त्यांनी अंगठ्याचं नख डाव्या खांद्यावरच्या रेघेत घातलं आणि निघाले. खांदा संपला. पंख लागला. नख न थांबता पुढं गेलं, थेट पंखाच्या टोकापर्यंत. तिथं पोचल्यावर त्यांनी पूर्ण तळहात पंखावर टेकवला आणि लगेच उचलला.

"गार लागतंय," ते म्हणाले. "पत्रा हाय."

"अ‍ॅल्युमिनम हाय, तात्या," अण्णासो म्हणाला.

तात्या दोन्ही हातांनी रांगेरांगेनं रिव्हेट बघत सुटले. उजवा पंख, पुढची कड, तोफांची दारं. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. मग ते परत डाव्या पंखावर आले, दाराच्या मागं गेले आणि त्यांना चौकोन सापडला. तिथं त्यांनी एकेका रिव्हेटावर नख टेकवलं. वीस, एकवीस, बावीस. तेवीस. चोविसाव्यावर नख थांबलं. पुढं गेलं नाही. ते पुन्हा तेविसाव्यावर आले, पुन्हा चोविसाव्यावर गेले.

"ह्यो चुकलाय," तात्या म्हणाले.

नृसिंह सर खुर्चीवर बसले. अण्णासो टेबलाजवळ सरकला. हजारो रिव्हेट मारले आणि हा एक चुकला कसा? त्यानं स्वतः काटकोन लावला होता, अंजनानं मोजला होता.

"चोवीसच हायत, तात्या. रांगंत हायत. तुमीच सांगितलंसा."

"व्हय, रांगंत हाय. त्येच तर चुकलंय." तात्यांचं बोट त्या एका रिव्हेटावरून हलत नव्हतं. "माझा तिरका गेलता. पायलट शिडीवर हुता, वरनं वरडत हुता. घाई झाली आन शेवटचा ठोका वाकडा बसला. काढून पुन्ना मारायला येळ न्हवता. इमान गेलं. सांजच्याला आलं म्हना परत, पर त्यो दीसभर मी धावपट्टीवर उभा हुतो, पानीबी प्यालो न्हाय. त्यो पायलट पुन्ना कवा मला काय बोलला न्हाय. मीच कुनाला बोललो न्हाय. तुला बी चोवीस एवढंच सांगितलं."

अण्णासो शेवटी कारागीर माणूस. चूक कळली की हात आपोआप हत्याराकडं जातो. त्यानं खिशातून सुई आणि छोटी हातोडी काढली.

"तिरका करू का, तात्या? एका ठोक्याचं काम हाय."

तात्यांनी अख्खा पंजा त्या ठिगळावर झाकला.

"हात लावशील तर बघ," ते म्हणाले. "पन्नास वर्षं सलत हुता. आज सरळ झालाय." आणि मग तोंड सभागृहाकडं वळवून, धावपट्टीवर ओरडावं तसे मोठ्यानं म्हणाले, "व्हय. ह्येच माझं इमान."

पुढं जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही. आकारामनं अण्णासोला उचललं आणि दोघं टेबलाला धडकता धडकता वाचले. नृसिंह सर रडत होते, आणि काळजीशिवाय रडताना त्यांना बघण्याची समितीची ही पहिलीच वेळ. अंजना मागच्या रांगेत उभी होती. तात्यांनी विचारलं, शेपटीचं कापड कुणी बसवलं, तेव्हा चार जणांनी तिला धरून पुढं आणलं आणि तात्यांनी तिला खाडकन सलाम ठोकला.

विमान अजून त्या पेटीत आहे. समितीच्या ठरावाप्रमाणं पंख रंगवले, फक्त डाव्या पंखावरचा तो चौकोन तसाच कोरा ठेवला, कारण तात्या आले की काच उघडून त्यावर बोट ठेवायचे आणि रंगानं रिव्हेट बुजले असते. लाकडी पंख मंगळवार पेठेत अंजनाच्या मशीनच्या वर भिंतीला टांगलेत. गिऱ्हाइकांनी विचारलं की अण्णासो सांगतो, हे कोरं कापड आहे, आटवायच्या आधीचं. आणि पट्टीची पुसलेली खूण त्यानं त्याच आठवड्यात पुन्हा कोरून घेतली, चांगली खोल, नखाला लागेल अशी.